लुटलेले थडगे बोलत नाही

रोमच्या वायव्येस चेर्वेतेरी नावाचे गाव आहे. गावाबाहेरील बांदिताच्चाच्या पठारावर एट्रुस्कन लोकांनी आपल्या मृतांसाठी जणू एक नगरच वसविले. मऊ ज्वालामुखीय खडकात कोरलेले रस्ते, दुतर्फा गवताने आच्छादलेली वर्तुळाकार थडगी आणि आत छताच्या तुळया, आसने, उशांसह शय्या. सारे पाषाणात घडविलेले! उत्तरेस तार्क्विनियाच्या मोंतेरोत्झी टेकडीवर सुमारे ६००० थडगी असून त्यांपैकी २००च्या आसपास चित्रांनी सजलेली आहेत. युनेस्कोने २००४ मध्ये या दोन्ही दफनभूमी जागतिक वारसा म्हणून घोषित केल्या. शेतमळ्यांतून वाट काढीत येणारा प्रवासी पायऱ्या उतरतो, काचेच्या दारापलीकडे दिवा लागतो आणि अडीच हजार वर्षांपूर्वीची मेजवानी त्याच्यासमोर उभी राहते.

या थडग्यांचे मोल केवळ सौंदर्यात नाही. एट्रुस्कनांचे वाङ्मय जवळजवळ सारे नष्ट झाले. इसवी सनापूर्वी ३९६ मध्ये रोमने त्यांचे वेई हे नगर जिंकले आणि पुढे त्यांची भाषाही लोपली. पतीशेजारी मेजवानीस बसणारी एट्रुस्कन स्त्री ग्रीक लेखकांच्या लेखी निर्लज्ज ठरली. चेर्वेतेरीत सापडलेल्या शवपेटिकेवरील दांपत्य मात्र प्रसन्न, बरोबरीच्या नात्याने पहुडलेले आहे. ज्यांचा इतिहास परक्यांच्या लेखणीने लिहिला गेला, त्यांची स्वतःची साक्ष केवळ थडग्यातच उरली आहे.

नेमकी हीच साक्ष बाजारात विकली गेली. रात्रीच्या अंधारात लोखंडी सळई जमिनीत खुपसून पोकळी शोधणारे चोर थडगे फोडतात, हाती लागेल ते उचलतात आणि उरलेल्याचा चुराडा करतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९७२ मध्ये ग्रीक चित्रकार युफ्रोनिओसचे भव्य मृत्पात्र १० लक्ष डॉलर्सना घेतले, तेव्हा ते लेबनॉनमधील एका संग्राहकाचे असल्याचे सांगण्यात आले. वास्तविक ते चेर्वेतेरीच्या भूमीतून चोरून उकरलेले होते. १९९५ मध्ये जिनिव्हातील एका गोदामावर छापा पडला आणि हजारो वस्तू व छायाचित्रांतून या व्यापाराची साखळी उघडी पडली. अखेर २००८ मध्ये ते पात्र इटलीस परतले. आज ते चेर्वेतेरीच्याच संग्रहालयात आहे.

परंतु काय परतले? केवळ पात्र! ते कोणत्या कुटुंबाच्या थडग्यात होते, कोणाच्या उशाशी ठेवले होते, सोबत आणखी काय होते, हे सारे कायमचे गेले. याउलट १८३६ मध्ये चेर्वेतेरीत न लुटलेले रेगोलिनी-गलासी थडगे उघडले गेले. तेथील चांदीच्या भांड्यांवर 'लार्थिया' हे नाव कोरलेले आढळले. हे नाव स्त्रीचे की पुरुषाचे, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण वाद घालण्यास निदान पुरावा तरी हाती आहे.

'आम्ही घेतले म्हणून वाचले', असा युक्तिवाद बड्या संग्रहालयांचे कैवारी आजही करतात. हा युक्तिवाद म्हणजे शुद्ध ढोंग होय. खरेदीदार नसता तर सळई कोणी उचलली असती? भूगर्भातील पुरावस्तू राष्ट्राची मालमत्ता आहे, हा इटलीचा कायदा १९०९ पासूनचा. तो ठाऊक असूनही मूळ स्थानाचा विश्वसनीय दाखला न मागता धनादेश लिहिणारा हा रक्षक कसला? तो तर चोराचा आश्रयदाता!

भारतीयांना ही कथा परकी वाटू नये. तामिळनाडूतील श्रीपुरंदनच्या मंदिरातून चोरलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये विकत घेतला. तो २०१४ मध्ये मायदेशी परतला. देश निराळे, मार्ग एकच.

म्हणूनच वारशाचे रक्षण संग्रहालयाच्या कपाटात नव्हे, तर उगमस्थानीच व्हावयास हवे. गावकऱ्याने आपल्या शिवाराची राखण करावी, शासनाने खरेदीदारास शिक्षा द्यावी आणि जिज्ञासूने झगमगत्या दालनाइतकीच त्या ओलसर पायऱ्यांचीही वाट धरावी. वस्तू परत आणता येते. तिने न सांगितलेली कथा कोणताही करार परत आणू शकत नाही.