उभी बाटली, आडवी बाटली

मैत्रिणींनो, या आठवड्यात एकच पत्र घेते आहे. भंडारा जिल्ह्यातल्या आसगावहून आलंय. विषय जरा नाजूक आहे, पण आजकाल पुष्कळ घरांत हा प्रश्न उंबरठ्यापर्यंत आलेला आहे. तेव्हा मोकळेपणाने बोलू या.

"प्रिय ताई, स. न. वि. वि. माझी मुलगी लग्न होऊन नाशिकला असते. उन्हाळ्यात तिच्याकडे महिनाभर राहून आले. तिथे तिच्या चार-पाच मैत्रिणी आणि त्यांचे यजमान महिन्यातून एकदा जमतात. प्रत्येक जोडप्याने आपल्या आवडीच्या वाईनची एक बाटली आणायची, सगळ्यांनी थोडी थोडी चाखायची, आणि ही कशी, ती कशी, कशासोबत चांगली लागते, ते एकमेकांना सांगायचं. आरडाओरडा नाही, काही नाही. मी घेतली नाही, पण ऐकायला आवडलं, खोटं कशाला बोलू! आपण लोणच्याच्या बरण्या उघडून एकमेकींना चव दाखवतो ना, तसंच वाटलं. आता दिवाळीला लेक-जावई येताहेत आणि दोन बाटल्या आणणार आहेत. आमचे हे खूश आहेत. म्हणतात, 'वाईन म्हणजे काही दारू नव्हे, द्राक्षाचा रस तो.' पण ताई, माझे भासरे मोहाच्या दारूपायी पार खचले होते. शेत गहाण पडलं. जाऊबाईंनी काय काय सोसलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आता सहा वर्षं झाली, ते थेंबाला शिवलेले नाहीत. पाडव्याला सारं घर एका पंगतीला बसतं. बाटली मांडू दिली तर जाऊबाईंना काय वाटेल? आणि नको म्हटलं तर लेक म्हणेल, आई गावंढळच राहिली. काय करू?"

प्रथम तुमच्या यजमानांच्या बोलण्याकडे वळू, कारण सारा घोळ तिथेच आहे. वाईन द्राक्षाचीच असते, हे खरं. पण द्राक्षाच्या रसाची वाईन होते कशी? रसातली साखर किण्व खातो आणि तिचा मद्यार्क करतो. आपण इडलीचं पीठ फुगवतो, जिलबीचं पीठ आंबवतो, त्याच घराण्यातली ही क्रिया. काळ्या द्राक्षाचा रस सालासकट आंबवला की लाल वाईन, साल बाजूला काढून नुसता रस आंबवला की पांढरी. मोहाचंही सुरुवातीला असंच. चैत्राच्या आसपास पहाटे झाडाखाली पडलेली गोड, मांसल फुलं वेचायची, वाळवायची, पाण्यात भिजवून आंबवायची. फरक पुढे आहे. मोहाचं ते पाणी भट्टीवर चढवून त्याची वाफ धरतात, म्हणून ती दारू जहाल होते. वाईन भट्टीवर चढत नाही, म्हणून सौम्य राहते. सौम्य खरी, पण मद्यच.

आता स्वयंपाकघरातला हिशेब मांडू. वाईनच्या बाटलीवर मद्यार्काचं प्रमाण बहुधा १२ ते १४ टक्के लिहिलेलं असतं. साडेबारा धरा. एका पेल्यात १५० मिलिलिटर ओतली, तर त्यात शुद्ध मद्यार्क जवळजवळ १९ मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुतेक ४२.८ टक्के असतं. तिचं ४५ मिलिलिटरचं माप घेतलं, तरी मद्यार्क तेवढाच, सुमारे १९ मिलिलिटर! म्हणजे वाईनचा एक भरला पेला आणि व्हिस्कीचं ते माप, दोन्ही पोटात गेल्यावर सारखेच. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत असे पाच पेले बसतात. यजमानांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. वाद घालू नका, नुसता दाखवा.

"थोडी वाईन हृदयाला चांगली" असंही कोणी सांगेल. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की, आरोग्याला अगदी सुरक्षित म्हणावं असं मद्याचं कुठलंच प्रमाण नाही. मद्य हे कर्करोगाचं कारण आहे, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच ठरवलं आणि त्यात बायकांच्या स्तनाचा कर्करोगही येतो. शिवाय बायकांच्या शरीरात पाण्याचा अंश पुरुषांपेक्षा कमी, म्हणून तेवढ्याच घोटाचा परिणाम आपल्यावर जास्त होतो. दिवस गेलेले असतील तर एक थेंबही नको. झोपेच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

एवढं वाचून वाटेल, की ताईंनी मुलीच्या मैत्रिणींवर काट मारली. मुळीच नाही. त्या मंडळींचं मला एक आवडलं. हातात काय आहे ते त्या जाणून घेतात. कोणतं द्राक्ष, कुठल्या मातीतलं, कोणत्या साली खुडलेलं, कशासोबत खावं, हे विचारत, बोलत, घोटभर चाखतात. बाटली रिकामी करायला बसत नाहीत. आणि हा सारा व्यवहार आपल्याच महाराष्ट्रातला आहे बरं का! नारायणगावला शामराव चौगुल्यांनी १९८० च्या दशकात फेसाळ वाईन काढली, ती परदेशी गेली. राजीव सामंतांनी नाशिकजवळ सुला उभी केली आणि त्यांची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, आणि आज 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकनही आहे. द्राक्षाच्या बागेत कितीतरी बायकांचे हात राबतात. तेव्हा लेकीने त्याचं कौतुक केलं तर ते समजून घ्या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पण तिच्या गावात बाटली म्हणजे चव आणि गप्पा, तर तुमच्या गावात बाटली म्हणजे गहाण पडलेलं शेत. लेकीला हे कळत नसेल तर तो तिचा दोष नाही, तिला कोणी सांगितलं नसेल. तुमच्या भागातल्या बायकांनी बाटलीचा धडा वेगळ्या शाळेत घेतला आहे. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि ती लोकांच्या, त्यात बायकांच्या रेट्याने आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी झाली, २०२१ मध्ये उठली. आपल्या राज्यात गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही, यावर बायकांना मतदान करता येतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं, की दुकान बंद. नुसत्या मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या नव्हे, यादीतल्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त! घरातलं काम टाकून, कोणाचे डोळे वटारलेले सोसून बायकांनी हे मत दिलेलं आहे. त्या बायकांना गावंढळ म्हणायची कोणाची छाती आहे?

आता तुमचा प्रश्न. माझं उत्तर सरळ आहे. पाडव्याच्या पंगतीला बाटली मांडू नका. भासऱ्यांसमोर नाही, आणि ते घरात असताना आतल्या खोलीतही नाही. व्यसन सोडलेल्या माणसाला दुसरा किंवा पाचवा पेला पाडत नाही, पहिला घोट पाडतो. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणासारख्या ठिकाणी गेलेल्या घरांना हे ठाऊक आहे. बाटली खुडल्याचा आवाज, वास, हसणाऱ्या माणसांच्या हातातले पेले, एवढ्यानेही जुनी ओढ जागी होते. त्यात "ही दारू नव्हेच" असं घरातल्याच धाकट्या भावाने म्हटलं, तर त्या माणसाने कशाचा आधार धरायचा? सहा वर्षं त्यांनी राखली आहेत. ती राखायला घराने मदत करायची असते. एका संध्याकाळच्या मौजेसाठी ती डावावर लावू नका. आणि हो, जेवणात ओतायलाही नको. "शिजवल्यावर सगळं उडून जातं" असं म्हणतात, पण अर्धा तास रटरटवल्यावरही मद्यार्काचा साधारण तिसरा हिस्सा भांड्यात राहतो.

लेकीला कसं सांगायचं? आत्ताच सांगा, ती निघण्यापूर्वी. बाटली ताटासमोर आल्यावर सांगितलंत तर जावईबापूंचा अपमान होईल आणि भासऱ्यांकडे सगळ्यांचे डोळे वळतील. फोनवर एवढंच म्हणा, "बाळा, तुमच्या मंडळींचं बोलणं मला फार आवडलं होतं. पण मोठ्या बाबांची सहा वर्षं आपल्या घरात पाहुण्यापेक्षा मोठी आहेत. बाटल्या तिकडेच राहू दे. मी पुन्हा येईन तेव्हा मला दाखवा." यात नकार आहे, पण तिची मान खाली जात नाही. जाऊबाईंनाही आधी कानावर घाला. त्या दिवाळीभर जीव मुठीत धरून बसायच्या नाहीत.

आणखी एक, हे जावईबापूंसाठी. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे आणि त्यात वाईनही येते. नाशिकहून गाडीने भंडाऱ्याकडे येताना समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो. भेट म्हणून ठेवलेली बाटलीही तिथे अडचणीत आणू शकते. सुपरमार्केटात वाईन ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय सरकारने जानेवारी २०२२ मध्ये घेतला होता, पण त्याला विरोध झाला आणि तो मागे पडला. तेव्हा "आता सगळीकडे चालतं" या भरवशावर कोणी राहू नये.

मग पाडव्याला गंमत कशाची? मुलीच्या मंडळींची चाखायची रीत घ्या, बाटली तेवढी बदला. दिवाळीत आवळा बाजारात येऊ लागतो. आवळ्याचं सरबत, कोकम, लिंबू-आलं असं प्रत्येक सुनेने आणि लेकीने आपापलं करून आणावं. छोट्या वाट्यांत सगळ्यांना द्यावं आणि कोणाचं कशासोबत जमलं ते विचारावं. भासऱ्यांना पंच करा! मोहाची फुलंही या घरात पुन्हा मानाने येऊ द्या. ती गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध राज्य सरकारने २०२१ मध्ये उठवले आहेत. वाळलेली स्वच्छ फुलं निवडून, मंद आचेवर भाजून, तीळ आणि शेंगदाण्यासोबत कुटून लाडू वळा. फुलांची स्वतःचीच गोडी असते, गूळ जपून घाला. ज्या फुलाने या घराला रडवलं, त्याच फुलाचा लाडू जाऊबाईंच्या हाताने वाटला गेला तर मला फार समाधान वाटेल. मात्र भासऱ्यांना तो वास नकोसा वाटत असेल, तर हाही बेत सोडा. त्यांना आधी विचारा.

ज्यांच्या घरी असा काही घोर नाही आणि बाटली येणारच आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी. कायद्याने वाईनलाही वयाची २१ वर्षांची अट आहे, शिवाय परवानाही लागतो. बुचाची बाटली आडवी ठेवतात, म्हणजे बूच ओलं राहतं. फिरकीच्या झाकणाची उभी ठेवली तरी चालते. आपल्या उन्हाळ्यात ती ओट्याजवळ किंवा माळ्यावर ठेवू नका, खराब होते. पांढरी चांगली गार करून घेतात, आणि लाल "खोलीच्या तापमानाला" हे युरोपातल्या खोलीचं बोलणं आहे. आपल्याकडे तीही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी. तिखट रश्शासोबत लाल आणखी जाळते, तिथे शेनिन ब्लांसारखी किंचित गोडसर पांढरी बरी. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते, तेव्हा "उरेल" म्हणून कोणी संपवायची गरज नाही. पेला लहान घ्या, अर्धाच भरा. गाडी चालवणाऱ्याला देऊ नका. आणि जो "नको" म्हणेल त्याला "का?" असं विचारू नका. पाणी पुढे करा आणि गप्पा चालू ठेवा.