संगणकाशी गट्टी : हार्ड डिस्क दिसेनाशी झाली तर



गणपती-दिवाळीच्या सुमारास जुने फोटो बघायची हुक्की येते. कपाटातली हार्ड डिस्क बाहेर निघते, वायर जोडली जाते आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. यंदा एका वाचक भगिनीने असाच प्रश्न पाठवला आहे. त्यांच्या डिस्कवर आईने सांगितलेल्या पाककृती आहेत, आईच्याच आवाजात. आई आता नाही, आणि दुसरी प्रत कुठेच नाही. तेव्हा या वेळी सगळे सदर याच विषयाला देत आहोत.

पहिली गोष्ट म्हणजे घाबरू नका. डिस्क दिसत नाही याचा अर्थ आतले सगळे गेले असा नव्हे. तुमचे फोटो आणि संगणक यांच्यामध्ये बरीच मंडळी बसलेली असतात : वायर, यूएसबीची खाच, वीज, डबीतली छोटी सर्किटची पट्टी आणि डिस्कवरची अनुक्रमणिका. यांच्यातला एकजण जरी रुसला तरी डिस्क दिसत नाही. म्हणून एकेकाला क्रमाने तपासायचे.

१. कान द्या. डिस्क जोडल्यावर दिवा लागतो का? हात ठेवला तर आत काही फिरल्यासारखे जाणवते का? साध्या हार्ड डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात, त्याची बारीक घरघर यायला हवी. (एसएसडी असेल तर फिरणारे काही नसते, त्यामुळे आवाजही नसतो.) पण टक्‌-टक्‌-टक्‌ असा ठरावीक ठोका ऐकू आला, किंवा काही घासल्याचा आवाज आला, तर लगेच वायर काढा आणि पुन्हा जोडू नका. आतली वाचणारी सुई बिघडली असण्याचा संभव असतो, आणि प्रत्येक वेळी चालू केल्यावर तबकडीवर ओरखडे वाढू शकतात. अशी डिस्क थेट तज्ज्ञाकडेच न्यावी. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आत दव धरते आणि उरलेसुरलेही जाते.

२. वायर बदला. दिसायला ठणठणीत वायर आतून तुटलेली असू शकते. काही वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात. त्यांतून वीज जाते, माहिती जात नाही. शेजारच्यांकडून तशीच वायर मागून आणा आणि लावून बघा. टेबलावरच्या मोठ्या संगणकाला डिस्क पुढच्या बाजूला न लावता मागच्या बाजूला लावा, आणि मध्ये हब असेल तर तो काढून टाका.

३. वीज बघा. खिशात मावणारी डिस्क यूएसबीतूनच वीज घेते. जुनी यूएसबी २.० खाच नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देते, ३.० ची खाच ९०० देते. वीज कमी पडली की डिस्क फिरायला लागते आणि थांबते, पुन्हा फिरते, पुन्हा थांबते. जाड पुस्तकाएवढ्या डिस्कला मात्र स्वतंत्र अडॅप्टर लागतो, बहुधा १२ व्होल्टचा. डिस्क भारतातून आणली असेल तर अडॅप्टरवरची बारीक अक्षरे वाचा. ‘इनपुट १००–२४०’ असे असेल तर इथल्या १२० व्होल्टवर तो चालतो, नुसती पिन बदलली की झाले. अडॅप्टर हरवला म्हणून लॅपटॉपचा लावू नका. तो बहुधा १९-२० व्होल्टचा असतो. टोक बसले तरी डिस्क जळेल.

४. दुसऱ्या संगणकाला लावा. तिथे दिसली तर डिस्क ठीक आहे, दोष तुमच्या संगणकाचा. यात एक गंमत आपल्याकडे फार होते : मुलाने कॉलेजात मॅकवर भरलेली डिस्क वडील घरच्या विंडोजला लावतात. मॅकच्या पद्धतीने तयार केलेली डिस्क विंडोजला मुळात वाचताच येत नाही. ती बिघडलेली नसते, तिची भाषा वेगळी असते. मॅकवर लावून बघा.

५. आत डोकावा. विंडोजमध्ये स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. मॅकवर ‘डिस्क युटिलिटी’ उघडून ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडा. डिस्क तिथे दिसते, पण तिला इंग्रजी अक्षर मिळालेले नाही असे असेल, तर उजवी क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर’मधून एखादे मोकळे अक्षर द्या. पुष्कळदा काम तेवढ्यावर भागते.

आता सर्वांत महत्त्वाचे. विंडोज कधी कधी अगदी सभ्यपणे विचारतो, ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का?’ उत्तर एकच : कॅन्सल. ‘इनिशियलाइज करू का?’ यालाही तेच उत्तर. फाइली बहुधा जागेवरच असतात, फक्त अनुक्रमणिका फाटलेली असते. झटपट फॉरमॅटने जुनी अनुक्रमणिका जाते, पण पाने राहतात. विंडोज व्हिस्टापासून (२००७) पूर्ण फॉरमॅट मात्र पानापानावर शून्ये लिहितो. त्यानंतर काहीही हाती लागत नाही.

अनुक्रमणिका फाटली असेल आणि डिस्कचा आवाज नेहमीसारखा असेल, तर ‘टेस्टडिस्क’ आणि ‘फोटोरेक’ हे मोफत प्रोग्रॅम उपयोगी पडतात. मिळालेल्या फाइली त्याच डिस्कवर ठेवू नका, दुसरीवर उतरवा. दुरुस्तीचे ‘चेकडिस्क’ही आधी चालवू नका, ते डिस्कवर लिहिते. आधी प्रत, मग दुरुस्ती. आणि मनात शंका असेल तर स्वतः काहीच न करणे उत्तम. तज्ज्ञांचा खर्च काहीशे डॉलरपासून काही हजारांपर्यंत जातो, म्हणून आधी लेखी अंदाज घ्या आणि माहिती मिळाली नाही तर किती आकारणार तेही विचारा.

डबी फोडून आतली डिस्क थेट जोडण्याचा उपाय काहीजण सुचवतात. काही डिस्कमध्ये माहितीचे कुलूप त्या छोट्या पट्टीवरच असते. पट्टी वेगळी केली की उरते ती न वाचता येणारी अक्षरे. तेव्हा स्क्रूड्रायव्हर जागेवर ठेवा.

डिस्क पुन्हा दिसू लागली, की त्याच संध्याकाळी सगळे दुसरीकडे उतरवून घ्या. ‘उद्या करू’ म्हणू नका. एकदा रुसलेली डिस्क पुन्हा रुसते. हिशेब सोपा आहे : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत आपल्याला अवघड नाही. डिसेंबरात भारतात जाताना लोणच्याच्या बरण्या आणायला जागा ठेवतो, त्याच बॅगेतून जाताना एक छोटी डिस्क भावाकडे किंवा बहिणीकडे नेऊन ठेवा. त्यांनाही ते फोटो बघायला मिळतील, आणि पाककृती तर हव्याच असतील.

पुढच्या अंकात : जुन्या व्हीएचएस कॅसेटवरची लग्ने आणि मुंजी संगणकावर कशा आणायच्या. प्रश्न असतील तर चिठ्ठी लिहून मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलावर ठेवावी. डिस्क मात्र सोबत आणू नये, आधी वायर बदलून बघावी!