मुलींनाही हरू द्या!

बुद्धिबळाचा पट मांडला की आपल्याकडे मुलाला सांगतात, ‘तुटून पड!’ आणि मुलीला सांगतात, ‘सांभाळून खेळ हं, बरोबरी झाली तरी चालेल.’ सेनगावात आम्ही काही जणी मिळून दर रविवारी मुलींना बुद्धिबळ खेळायला जमवतो, तेव्हा हे वाक्य हमखास कानावर पडतं. सांगणारी बहुतेक वेळा आईच असते. तिच्या मनात वाईट काहीच नसतं. पण त्या एका वाक्याने मुलीचा अर्धा डाव सुरू होण्याआधीच संपतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

समजा, समोरच्याने वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकून डाव सुरू केला. (आपल्या वजिराला इंग्रजीत ‘क्वीन’ म्हणतात बरं का! पटावरचं सगळ्यात ताकदवान मोहरं तिकडे बाईमाणूस आहे.) काळ्या मोहऱ्या घेऊन बसलेल्या मुलीला आपण काय शिकवतो? तूही तसंच प्यादं समोर लाव आणि घट्ट उभी राहा. यात चूक काहीच नाही. पण दुसरीही एक वाट आहे. तिचं नाव ‘किंग्ज इंडियन डिफेन्स’.

या बचावात काळी बाजू पटाचा मधला भाग समोरच्याला खुशाल घेऊ देते. आपण राजाकडचा घोडा बाहेर काढते, त्या बाजूचं घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवते, रिकाम्या झालेल्या घरात उंट बसवते आणि किल्लेकोट करून राजाला सुरक्षित ठेवते. बघणाऱ्याला वाटतं, पोरगी घाबरली! पांढऱ्याची तीन प्यादी मध्ये दिमाखात उभी आणि हिची सगळी मंडळी मागच्या अंगणात. पण तो कोपऱ्याजवळचा उंट तिरप्या रेषेत पार पलीकडच्या टोकापर्यंत नजर ठेवून असतो. तयारी झाली की ती राजापुढचं प्यादं मध्ये घुसवते. पांढऱ्याने प्यादं पुढे ढकलून मधली वाट बंद केली, की खरी लढाई सुरू होते. पांढरा वजिराच्या बाजूने फळी फोडू बघतो, आणि ही आपल्याच राजापुढची प्यादी एकामागून एक पुढे काढत थेट समोरच्या राजावर चालून जाते. आधी कोण पोचतं, यावर सगळा डाव. एका चालीचा उशीर झाला तरी खेळ खलास. बॉबी फिशर आणि गॅरी कास्पारोव्ह यांचं हे आवडतं हत्यार होतं.

नावात ‘इंडियन’ कसं आलं, तेही ऐकण्यासारखं आहे. १८४८ च्या सुमारास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा नामांकित खेळाडू होता, पेशाने बॅरिस्टर. त्याच्यासमोर बंगालमधल्या खेड्यातले महेशचंद्र बॅनर्जी बसले. त्यांच्या मुलखात त्यांना कुणी हरवू शकत नाही, असा त्यांचा लौकिक होता. आपल्या देशी बुद्धिबळात बहुतेक ठिकाणी प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. त्यामुळे बॅनर्जींना प्यादी जपून सरकवण्याची आणि उंट असा बाजूला बसवण्याची सवय होती. दोघांमध्ये शेकडो डाव झाले. त्यांतले बरेच बॅनर्जी हरले, पण आपली पद्धत काही त्यांनी सोडली नाही. पुढे अशा खेळींना जगभर ‘भारतीय’ हे नाव पडलं. हरत हरत खेळलेल्या माणसामुळे देशाचं नाव पटावर राहिलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

‘मुलींचा स्वभावच जपून खेळण्याचा असतो,’ असंही काही जण म्हणतात. त्यांनी मुंबईच्या खाडिलकर भगिनी आठवाव्यात. वासंती, जयश्री आणि रोहिणी. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेची सुरुवातीची दहा वर्षं विजेतेपद या तिघी बहिणींकडेच राहिलं. १९७६ मध्ये अवघ्या १३ वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निकाल दिला की स्त्रियांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही. आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख! जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला तिने वयाच्या १९ व्या वर्षी महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर अनुभवी कोनेरू हम्पी होती आणि निर्णायक जलद डाव दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. याच दिव्याला जानेवारी २०२४ मध्ये जाहीरपणे लिहावं लागलं होतं, की प्रेक्षक माझ्या चालींपेक्षा माझे कपडे, केस आणि बोलण्याची ढब यांवरच बोलतात.

आता आपल्या गावाकडे वळते. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या मुलींचे वेगळे गट असतात. संधी कागदावर तरी आहे. अडतं ते घरात. आमच्याकडची एक मुलगी हा किंग्ज इंडियन बचाव शिकली. तिला तो मनापासून आवडला. पहिले चार डाव ती सपाटून हरली, कारण तिचा हल्ला दरवेळी एक चाल उशिरा पोचत होता. घरच्यांनी लगेच सांगितलं, ‘जमत नाही तर कशाला हिंगोलीपर्यंत एसटीचं भाडं घालवायचं? दहावीचं बघ.’ तिचा चुलतभाऊ त्याच काळात सहा डाव हरला होता. त्याच्याबद्दल मात्र सगळे म्हणाले, ‘पोराला अनुभव येतोय!’

मैत्रिणींनो, खरी गोम इथे आहे. धाडसी खेळ शिकताना आधी हरावंच लागतं. मुलाच्या हरण्याला आपण अनुभव म्हणतो आणि मुलीच्या हरण्याला खर्च. मग ती बिचारी बरोबरीसाठीच खेळणार ना! आणि पुढे आपणच म्हणणार, मुलींचा स्वभावच तसा.

नव्या खेळाडूने आधी मधला भाग ताब्यात ठेवायला शिकावं, असं जाणकार सांगतात. ते मला मान्य आहे. प्रत्येक मुलीने हाच बचाव खेळावा, असा माझा मुळीच हट्ट नाही. पण जिला अंगावर घ्यायला आवडतं, तिचा हात आपण धरू नये, एवढंच म्हणणं आहे.

त्यासाठी फार काही लागत नाही. घरात एक पट आणि चाली लिहायला एक वही. मुलगी स्पर्धेहून आली की ‘जिंकलीस का?’ हा प्रश्न गिळायचा आणि ‘कुठे अडलं, मांडून दाखव’ असं म्हणायचं. आपल्याला खेळ कळत नसला तरी चालतं, मांडता मांडता तिची चूक तिलाच सापडते. आणि मुलाला जितक्या स्पर्धांचं भाडं देतो, तितक्याच स्पर्धांचं भाडं तिलाही द्यायचं, जिंकली तरी आणि हरली तरी.