पाना कोणाच्या हाती?

जुन्या स्कूटरची घरच्या घरी निगा आणि त्यासाठी लागणाऱ्या हत्यारांची निवड हा विषय राजकीय साप्ताहिकाच्या मतपृष्ठावर कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. हा फावल्या वेळच्या छंदाचा विषय आहे, समाजवादाशी त्याचा काय संबंध, असेही कोणी विचारील. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, मालकीच्या प्रश्नाची चर्चा आपण नेहमी कारखान्यापासून सुरू करतो आणि कारखान्याच्या फाटकापाशीच संपवतो. वस्तू विकत घेतल्यानंतर ती खरोखर कोणाची असते, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. जी वस्तू उघडण्याचा, समजून घेण्याचा आणि दुरुस्त करण्याचा अधिकार आपल्याला नाही, ती पैसे मोजूनही पूर्णपणे आपली झालेली नसते.

उदाहरण म्हणून बजाज चेतक घेऊ. १९७२ साली ही स्कूटर बाजारात आली आणि पुढची तीन दशके महाराष्ट्रातील शिक्षक, कारकून, गिरणीतला जॉबर आणि छोटा दुकानदार यांच्या संसाराचा ती भाग झाली. परवाना-राज्यात तिच्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे, आणि परकीय चलन मोजू शकणाऱ्याला मात्र ती लवकर मिळे. त्या रांगेला कोणी समाजवाद म्हणत असेल, तर ते चूक आहे. टंचाईचे वाटप हे समतेचे वाटप नव्हे. परंतु त्या यंत्राचा एक गुण मान्य केलाच पाहिजे. ते उघडे यंत्र होते. उजव्या बाजूचे कवच काढले की इंजिन समोर दिसे. प्लग, कार्बोरेटर, क्लचची वायर, ब्रेकचे शू यांपर्यंत सामान्य माणसाचा हात पोचत असे, आणि कंपनीने गाडीबरोबर दिलेल्या हत्यारांच्या पिशवीत निम्म्या कामाची सोय असे. २००९ साली बजाजने स्कूटरच्या धंद्यातून बाहेर पडण्याचे जाहीर केले. २०२० साली चेतक हे नाव परत आले ते विजेवरच्या गाडीला. तरीही जुन्या चेतक आजही लहान गावांतून चालताना दिसतात. या दीर्घायुष्याचे श्रेय पोलादाइतकेच त्यांच्या दुरुस्तीसुलभ रचनेला आहे.

आता अर्थशास्त्राकडे वळू. हिशेबाच्या वहीत ‘घसारा’ नावाचे एक कलम असते. यंत्राची किंमत दरवर्षी ठरावीक दराने कमी धरली जाते आणि काही वर्षांनी ती शून्यावर येते. हा घसारा कागदावरचा आहे. खरा घसारा ब्रेकच्या शूमध्ये, बेअरिंगमध्ये आणि वायरच्या तुटत आलेल्या तारांमध्ये असतो, व तो वेळीच ग्रीस, थोडे ऑइल आणि दोनचारशे रुपयांचा सुटा भाग यांनी पुष्कळ लांबवता येतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणितात मात्र हे श्रम कोठेच येत नाहीत. नवी गाडी विकली गेली की उत्पन्न वाढते. गॅरेजमध्ये दुरुस्ती झाली की थोडे वाढते. घरातील माणसाने रविवारी अंगणात बसून आपली गाडी नीट केली तर ते अजिबात वाढत नाही, कारण घरच्यासाठी घरात केलेल्या अशा सेवा त्या मोजमापाच्या व्याख्येबाहेर ठेवलेल्या आहेत. घरातील स्त्रीच्या स्वयंपाकाची जी गत, तीच या कामाची. जे मोजले जात नाही ते धोरणात दिसत नाही, आणि जे धोरणात दिसत नाही ते हळूहळू अशक्य करून टाकले जाते.

हे अशक्य करणे आपोआप घडलेले नाही. फोर्डची मॉडेल टी गाडी १९०८ ते १९२७ या काळात जवळजवळ एकाच रूपात निघत राहिली आणि अमेरिकेतील शेतकरी ती स्वतःच्या गोठ्यात दुरुस्त करीत. त्यावर मात केली ती जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी, दरवर्षी नवे रूप बाजारात आणून कालची चालती गाडी जुनाट ठरवण्याच्या धोरणाने. १९२४ साली विजेच्या दिव्यांच्या बड्या उत्पादकांनी फीबस नावाचा संघ करून दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवले. आज हेच काम अधिक सभ्यपणे होते. २०२० साली भारत स्टेज सहाची मानके लागू झाल्यावर दुचाकीतही इंधन-इंजेक्शन आणि संवेदक सर्रास आले. हवेच्या दृष्टीने हे पाऊल योग्यच होते. परंतु त्याबरोबर दोष शोधण्याचे ज्ञान संगणकाच्या संकेतांत बंद झाले, आणि त्या संकेतांची किल्ली कंपनीच्या खिशात राहिली. तंत्राची प्रगती आणि ज्ञानाची मक्तेदारी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचे स्वागत करताना दुसरी मुकाट्याने गिळण्याचे कारण नाही.

ही केवळ कल्पना नव्हे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार-कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि दोषनिदानाची साधने स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू दिली जात नाहीत, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. कंपन्यांनी अर्थातच वरच्या दरबारी धाव घेतली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मोटारींच्या दुरुस्तीच्या हक्कावर मतदान झाले, तेव्हा ८५ टक्क्यांहून अधिक मतदारांनी त्याला कौल दिला. आपल्याकडे २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारवाहने आणि शेतीची अवजारेही आहेत. परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. माहिती देणे ही कंपनीची मर्जी न राहता तिचे कर्तव्य झाले पाहिजे.

कायदा येईल तेव्हा येवो. आपल्या हाती काय आहे ते पाहू. येथे हत्यारांचा प्रश्न येतो. बाजारात शंभर-सव्वाशे नगांची चकचकीत पेटी मिळते आणि नवखा माणूस तिला भुलतो. तिच्यातील निम्मी हत्यारे आयुष्यात वापरली जात नाहीत आणि उरलेली मऊ पोलादाची असल्यामुळे पहिल्या घट्ट नटापाशीच तोंड फाकतात. नटाचे कोपरे गेले की वीस रुपयांच्या नटापायी दिवस जातो. म्हणून हत्यार एकेक घ्यावे, गरजेप्रमाणे घ्यावे आणि चांगले घ्यावे. नाशिकला आणि जालंधरला उत्तम हातहत्यारे तयार होतात. परदेशी नावाची गरज नाही.

क्रम असा असावा. प्रथम रिंगपाने घ्यावेत, कारण उघड्या तोंडाचा पाना नटाच्या दोनच बाजू धरतो, तर रिंग त्याचे सहाही कोपरे सांभाळते. चेतकच्या चाकांचे नट १३ क्रमांकाच्या पान्याने निघतात, प्लगसाठी २१ चा प्लगपाना लागतो, आणि ८, १०, ११ व १४ हे पाने वारंवार हाताशी लागतात. मागेपुढे होणारा स्क्रूपाना शेवटचा उपाय म्हणून ठेवावा. नट खराब करण्यात त्याचा हात धरणारे दुसरे हत्यार नाही. स्क्रूड्रायव्हरचे टोक खाचेत पुरते बसते की नाही हे पाहावे, मुठीचा रंग पाहू नये. त्यानंतर पक्कड, प्लगची व पॉइंटची फट मोजायला फीलर गेज, हवेचा दाब मोजायचे साधन आणि साधा मल्टीमीटर. एवढ्या साधनांत घरच्या निगेची बहुतेक कामे निभावतात.

दोन सावधगिरीच्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. चेतकच्या चाकाची रिम दोन अर्धुकांची असते. ते अर्धुके सोडवण्यापूर्वी ट्यूबमधील हवा पूर्ण काढलीच पाहिजे, नाहीतर ते उसळून जीवघेणी इजा होऊ शकते. आणि जळके ऑइल गटारात किंवा ओढ्यात ओतू नये. आपली गाडी स्वच्छ करून गावाचे पाणी घाण करणे हा स्वावलंबनाचा नव्हे, स्वार्थाचा प्रकार आहे.

काही हत्यारे मात्र वर्षातून एकदाच लागतात आणि महाग असतात: फ्लायव्हील ओढण्याचा पुलर, टॉर्कपाना, दाबमापक, नव्या गाड्यांचा स्कॅनर. ती प्रत्येक घराने विकत घ्यावीत यात ना काटकसर ना शहाणपण. ज्या महाराष्ट्राने साखर कारखाने, दूधसंघ आणि पतपेढ्या सहकारातून उभ्या केल्या, त्याला वॉर्डावॉर्डात एक हत्यारघर उभे करणे अवघड नाही. सार्वजनिक वाचनालयातून पुस्तक न्यावे तसे वर्गणी भरून हत्यार न्यावे आणि परत आणून द्यावे. रोज लागते ते घरी, क्वचित लागते ते सामाईक, ही मालकीची वाटणी कोणत्याही जाहीरनाम्यातील वाटणीपेक्षा कमी समाजवादी नाही. डॉ. लोहिया छोट्या यंत्राचा आग्रह धरीत. यंत्रांबद्दल साशंक असलेल्या गांधीजींनीही शिवणयंत्राचा अपवाद केला होता. माणसाने यंत्राचा स्वामी राहावे, हेच त्यामागचे सूत्र होते.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की, मालकच दुरुस्ती करू लागला तर कोपऱ्यावरच्या मेस्त्रीने काय खायचे? अनुभव उलटा आहे. मेस्त्रीचा शत्रू पाना हाती धरणारा गिऱ्हाईक नव्हे. बंद इंजिन आणि न मिळणारा सुटा भाग हे त्याचे शत्रू आहेत. जो स्वतः प्लग साफ करतो, तोच क्रॅंकचे काम किती कौशल्याचे आहे हे जाणतो आणि त्याची मजुरी घासाघीस न करता देतो. आपल्या सुशिक्षित वर्गाला हात काळे करण्याची जी लाज वाटते तिचे मूळ जातिव्यवस्थेत आहे, आणि १९३७ च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतरही ती आपल्या शाळांतून गेलेली नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून झाला, हे अभिमानाने सांगणारे आपण, मुलाने गॅरेजात काम शिकतो म्हटले की कपाळाला आठ्या घालतो.

दुसरा आक्षेप धुराचा. टू-स्ट्रोक इंजिनात नव्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुरांड्यावाटे निसटतो, आणि त्यात ऑइलही असते. दाट वस्तीच्या शहरात अशी गाडी रोज फिरवण्याचे समर्थन करता येणार नाही. तो धूर रस्त्याकडेला राहणाऱ्या गरिबाच्याच छातीत जातो. परंतु न्यायाची कसोटी गाडीचे वय नसून तिची अवस्था असली पाहिजे. खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, ही पद्धत योग्य आहे. मात्र एप्रिल २०२२ मध्ये दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क ३०० रुपयांवरून १,००० रुपयांवर नेले गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या दुचाकीला ते २,००० रुपये झाले. धूर मोजून दंड करा; वय मोजून दंड केला तर तो नीट निगा राखणाऱ्या आणि न राखणाऱ्या दोघांना सारखाच बसतो. नवी गाडी लाखाच्या आसपास जाते, आणि जुनी गाडी हौसेने नव्हे तर नाइलाजाने वापरणारा माणूस कोणत्या वर्गाचा असतो हे सांगण्याची गरज नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रत्येक वाहनाची दुरुस्तीपुस्तिका मराठीसह सर्व भाषांत खुली असावी. उत्पादन थांबल्यानंतरही ठरावीक वर्षे सुटे भाग व दोषनिदानाची साधने वाजवी दराने पुरवणे कंपनीवर बंधनकारक व्हावे. भंगाराचा निर्णय मोजमापावर व्हावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी संध्याकाळी नागरिकांसाठी वर्ग चालवावेत आणि नगरपालिकांनी हत्यारघराला एक खोली द्यावी. यांपैकी शेवटच्या कामासाठी दिल्लीच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या वस्तीतील दहा घरे आणि एक जाणता मेस्त्री एवढे भांडवल त्याला पुरेसे आहे.