वामनवृक्षाची कुंडी आणि आपला कुंभार

आमच्या भागातील एका रोपवाटिकाधारकाने मध्यंतरी मजकडे एक चौकशी केली. मोसंबीच्या कलमांबरोबर त्याने थोडे वामनवृक्ष, म्हणजे ज्यांस बोन्साय म्हणतात ती खुजी झाडे, तयार केली होती. पैठणच्या जुन्या वाड्यांच्या भिंतींत उगवलेली वड-पिंपळाची रोपे कोणी तरी उपटून फेकतोच; तीच त्याने जपून लावली होती. झाड फुकटचे, माती घरची, आणि कुंडी मात्र दूरच्या शहरातून मागविलेली! तीही वाटेत फुटते. तेव्हा हाताने घडविलेल्या कुंड्या जवळपास कोठे मिळतील, असा त्याचा प्रश्न होता.

माझे स्पष्ट मत असे की, असा कारागीर शोधण्यास गावाबाहेर जाण्याचे कारण नाही. अडचण कारागिराची नसून आपल्या बोलण्याची आहे. हे मी अनुभवाने सांगतो. आम्ही दोघे कुंभारवाड्यात गेलो, छापील चित्र दाखविले आणि 'बोन्साय पॉट' करून द्याल काय, असे विचारले. म्हातारबुवांनी चित्र परत केले व म्हणाले, "साहेब, हे काम आमचं नव्हं." त्यांच्याच ओट्यावर परळांची उतरंड लागली होती! मग मी म्हणालो, "बाबा, परळच करा, पण काठ बोटभर जाड, तळाला तीन भोकं आणि खाली तीन पाय." यावर त्यांनी एवढेच विचारले, "किती हवेत?"

परळ, वेळणी, खापर ही उथळ भांडी आपला कुंभार पिढ्यान्पिढ्या घडवीत आला आहे. वामनवृक्षाची कुंडी तिचीच बहीण होय.

यावर जाणकार एक आक्षेप घेतात. पुस्तकांतून या कुंड्या अतिशय कडक भाजलेल्या असाव्यात असे सांगितलेले असते. जपानातील टोकोनामे हे गाव अशा कुंड्यांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु हा आग्रह बव्हंशी थंड मुलखाचा आहे. तेथे सच्छिद्र कुंडीत मुरलेले पाणी गोठून फुगते व कुंडी तडकते. पैठणास पाणी गोठण्याची भीती कोठली? येथे वैशाखात पारा चाळीस अंशांवर जातो, आणि माठाप्रमाणेच सच्छिद्र कुंडीच्या अंगातून पाणी उडून मुळे थंड राहतात. अर्थात याची किंमत द्यावी लागते. उन्हाळ्यात दोन वेळा पाणी घालणे चुकत नाही. आणि विहिरीचे पाणी क्षारयुक्त असल्यास कुंडीवर पांढरा थर धरून कालांतराने पापुद्रे सुटतात. अशी कुंडी काही वर्षांनी बदलावी लागेल, हे गृहीत धरावे.

घडणीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. निव्वळ काळी माती या कामी निरुपयोगी. ती वाळताना फार आटते व भेगाळते. तीत गाळाची माती, लीद व राख किती मिसळावी हे कुंभारास आपल्यापेक्षा अधिक कळते, तेथे पदवीधराने तोंड घालू नये. मी ते घातले. चौकोनी कुंडीचा हट्ट धरला आणि पहिल्या खेपेस सर्व कुंड्यांचे कोपरे वाळतानाच उकलले. चाकावर गोल वस्तू उतरते. आरंभ गोल कुंडीनेच करावा. पसरट तळास चीर पडू नये म्हणून तो थापीने चांगला दाबून घ्यावा व कुंडी सावलीत सावकाश वाळवावी. माती वाळताना व भाजताना मिळून सुमारे दहावा हिस्सा आटते असे धरून माप थोडे मोठे सांगावे.

मागणीची वेळही महत्त्वाची आहे. पावसाळ्यात ना कुंडी वाळते, ना आवा नीट पेटतो. दिवाळीच्या पणत्या संपल्यानंतर संक्रांतीच्या सुगडांची घाई सुरू होईपर्यंत कुंभारास जी थोडी उसंत असते, ती साधावी. पुढे माठ-रांजणांचे दिवस येतात. तेव्हा तुमच्या दहा कुंड्यांसाठी तो चाक अडवून ठेवणार नाही, आणि का ठेवावे? निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, व आव्यात फुटलेल्या मालाचा तोटा एकट्या कुंभारावर टाकू नये. दूरच्या व्यापाऱ्याचा फुटका माल मुकाट्याने सोसणारे आपण, कुंभाराशी मात्र रुपया-दोन रुपयांसाठी घासाघीस करतो, हे मला पटत नाही.

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत कुंभारकामाचा समावेश आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य व सवलतीचे कर्ज अशी तीत तरतूद आहे. ग्रामकार्यकर्त्यांनी कुंभारांची नोंदणी करून द्यावीच. परंतु नवे चाक आले तरी गिऱ्हाईक त्याबरोबर येत नाही. माठाची जागा शीतपेटीने व कुंडीची प्लॅस्टिकने घेतल्यावर कुंभाराचा मुलगा चाकावर का बसेल? ज्या पैठणात शालिवाहन कुंभाराच्या घरी वाढला व त्याने मातीच्या सैनिकांत प्राण घातले अशी कथा सांगतात, तेथे हा प्रश्न पडावा!

नाथषष्ठीस आणि एरवी ज्ञानेश्वर उद्यान व नाथसागर पाहण्यास येणारे लोक पैठणहून काही तरी घेऊन जाऊ इच्छितात. हातात मावेल एवढ्या कुंडीतील पिंपळ त्यांस का देऊ नये? आमच्या रोपवाटिकाधारकाने या दिवाळीनंतरसाठी चाळीस परळांची मागणी नोंदविली आहे. म्हातारबुवांनी माप म्हणून त्याच्याकडून काठीवर खुणा करून घेतल्या आहेत, आणि चौकोनी कुंडी साहेबांनी पुन्हा मागू नये, असा निरोपही दिला आहे.