स्वभावाला औषध आहे, ते गावाजवळ आहे

पारावर बसलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "जाऊ द्या हो, स्वभावाला औषध नाही." शेजाऱ्याने बांध कोरला, स्वभावाला औषध नाही. कुणी रात्रभर मोटर चालवून शेजारची विहीर कोरडी केली, स्वभावाला औषध नाही. ग्रामसभेला माणसं येत नाहीत आणि आली तर भांडतात, तर म्हणायचं लोकच तसले! एवढं म्हटलं की सरपंच सुटले, भाऊसाहेब सुटले आणि आपणही सुटलो.

शेतकरी बांधवांनो, ही म्हण अर्धीच खरी आहे. व्यक्ती तितक्या प्रकृती, हे कबूल. एकाच आईची दोन लेकरं, एक काटकसरी तर दुसरा उधळा, एक दमाचा तर दुसरा उतावळा. काही गोष्टी माणूस जन्मतःच घेऊन येतो. पण तो स्वभाव वागण्यात कसा उतरेल, हे पुष्कळदा भोवतालची माणसं ठरवतात. आषाढी वारीचंच घ्या. गावात वीतभर बांधासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारा गडी दिंडीत गेला की रांगेने चालतो, पंगतीत मिळेल ते खातो. माउलींच्या पालखीच्या समाजआरतीला चोपदाराने दंड उंचावला की हजारो माणसं गप्प होतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिने मात्र टाळ वाजवत राहायचं, मग तिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. माणूस तोच, स्वभावही तोच. तिथे नियम सगळ्यांना ठाऊक आहे, तो सगळ्यांसमोर पाळला जातो आणि गाऱ्हाणं मांडायला वाटही आहे. वागणं बदललं ते त्यामुळे.

आता याच्या उलट बघू. गावात पहिला बोअर गरजेपोटी होतो. दुसरा भीतीपोटी होतो, कारण पहिल्याने पाणी ओढलं तर आपली विहीर आटेल. तिसरा इभ्रतीपोटी होतो, भावकीत मागे कसं राहायचं? पाणाड्या येतो, बोअरची गाडी येते, दोनशे फुटांवर फुफाटाच निघाला तर चारशेपर्यंत जायचं. पैसे सोसायटीचे, नाहीतर सावकाराचे. यात मूर्ख कुणीच नाही, प्रत्येकाचा हिशेब आपापल्या जागी बरोबर आहे. पण जमिनीच्या पोटात सातबारा नसतो. खालचं पाणी एकच, म्हणून सगळ्यांचे बरोबर हिशेब मिळून गाव मात्र बुडतं.

अमेरिकेतले गॅरेट हार्डिन नावाचे शास्त्रज्ञ १९६८ साली हेच गायरानाच्या दाखल्याने सांगून गेले. कुरण सगळ्यांचं असलं की जो तो आणखी एक जनावर सोडतो आणि शेवटी कुरण उजाड होतं. त्यावर एकतर सरकारी धाक हवा, नाहीतर खाजगी मालकी, असं त्यांचं म्हणणं. याला उत्तर दिलं त्यांच्याच देशातल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी. त्यांनी अनेक देशांतली कुरणं, जंगलं, मासेमारी आणि पाटपाणी यांचा अभ्यास केला. जिथे वापरणाऱ्यांनीच नियम केले, राखण स्वतः केली, चुकणाऱ्याला आधी थोडा आणि मग वाढता दंड ठेवला, तिथे सामाईक वस्तू पिढ्यान् पिढ्या टिकली, असं त्यांनी दाखवलं. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या धुळे भागातल्या पांझरेकाठच्या शेतकऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. तिथली फड पद्धत काही शतकांची आहे. एका फडात एक पीक, आणि पाणी सोडणार पाटकरी.

मधली माणसं कुणीकडे जातात?

झुरिच येथे ४४ विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. सामाईक खात्यात कोण किती पैसे घालतो, हे पाहिलं. सुमारे निम्मे निघाले 'दुसरे घालतील तर मी घालीन' म्हणणारे. साधारण तीस टक्के फुकटे, दुसऱ्यांनी कितीही घातलं तरी आपला पैसा न सोडणारे. आपल्या गावाचे आकडे वेगळे असतील, पण या तऱ्हेची माणसं कुणी ओळखणार नाही असं नाही. फुकट्याचा स्वभाव बदलणं खरंच अवघड आहे. पण गावाचं भवितव्य त्याच्या हातात नसतं, ते या मधल्या माणसांच्या हातात असतं. त्यांना दुसरे पाळताना दिसले तर ती पाळतात, दुसरे लुबाडताना दिसले तर तीही हात धुऊन घेतात.

पुरंदर तालुक्यातल्या नायगावला १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली ती हेच ओळखून. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणशी अर्ध्या एकरापुरतं, घराला जास्तीत जास्त अडीच एकराला. ऊस नाही. भूमिहीनाचाही पाण्यावर हक्क. हिवरेबाजारचंही तसंच. एके काळी तिथली बदली म्हणजे नोकरदाराला शिक्षा वाटायची, एवढी दारू आणि भांडणं. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गावाने शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळी बंद केली आणि दरवर्षी पाऊस मोजून रब्बीचं क्षेत्र ठरवायला सुरुवात केली. पवारांचा स्वभाव कामी आला यात शंका नाही. पण नियम सगळ्या गावाचा झाला नसता तर एकट्याचा स्वभाव किती दिवस पुरला असता?

कायद्याचा आधारही आहे. २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे, साठ मीटर आणि त्याहून खोल विहिरींवर त्यात निर्बंध आहेत. पण बोअरची गाडी रात्री येते आणि साहेब दिवसा. रात्री जागं असतं ते गावच.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. गावाचा दाब ही दुधारी वस्तू आहे. कर्ज काढून लग्नात मांडव सजवायला लावणारा दाबही गावाचाच असतो. नियमाच्या नावाखाली एखाद्या घराचं पाणी तोडणं, वाळीत टाकणं हा गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आपल्याच राज्याचा आहे. ज्या नियमात दुबळ्याला वाटा नाही तो गावाचा नियम नव्हे, ती चार घरांची दांडगाई झाली.

मग करायचं काय? पावसाळा संपला की मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा आणि गावातल्या आठ-दहा विहिरींची पातळी चावडीच्या फळ्यावर लिहा. मोजायला शाळेची पोरं आणि दोन्ही गटांची माणसं बरोबर घ्या, म्हणजे आकड्यावर वाद राहत नाही. भूजल सर्वेक्षणवाल्यांची मदत मागा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आधी पिण्याचं, मग जनावरांचं, मग रब्बीचं पाणी धरून हिशेब वाचा. दंड लहान ठेवा, पण पहिल्याच चुकीला घ्या, मग तो कुणाचाही असो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नियमाखाली पहिली सही सरपंचाची, दुसरी गावातल्या सर्वात मोठ्या बागायतदाराची. अल्पभूधारकाला आधी सही करायला लावाल तर मधली माणसं काय समजायचं ते समजतील.

ज्या गावात मोठ्याची मोटर नियमाप्रमाणे बंद होते, तिथे धाकट्याची बंद करायला पोलीस पाटील लागत नाही. तेव्हा 'लोकच तसले' म्हणण्याआधी गावकऱ्यांनी एवढं तपासावं, की लोकांसमोर आपण कोणता नियम ठेवला आणि तो आधी कुणी पाळला?