लहान शेजघर आणि घरभरचें सामान

शेलू हें मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर वांगणी आणि नेरळ यांच्या मधलें लहानसें स्थानक. नोकरी मुंबईस आणि बिऱ्हाड मुंबईबाहेर, अशी सोय पाहणारीं कुटुंबें येथील नव्या इमारतींतून राहावयास आलीं आहेत. या घरांत शेजघर म्हणून जी खोली मिळते ती पुष्कळदां १० फूट लांब व ९ फूट रुंद असते. तेवढ्यांत सामान कसें मावावें, ही विवंचना आमच्या कानीं वारंवार येते, म्हणून या महिन्यांत तिचाच विचार करूं.

प्रथम हिशेब मांडूं. जमीन ९० चौरस फूट. सव्वासहा फूट लांब व पांच फूट रुंद पलंग ठेवला कीं त्यांतली ३१ चौरस फूट गेली. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद व दीड फूट खोल असें पोलादी कपाट आणखी साडेचार चौरस फूट घेतें, आणि त्याचीं दारें उघडावयास तितकीच किंबहुना अधिक जागा मोकळी सोडावी लागते. गोदरेजांनीं १९२३ सालीं असें कपाट काढलें, आणि पुढें तें मुलीच्या लग्नांत ठरूनच गेलें. त्याशिवाय चालत नाहीं. जमिनीवर आणखी कांहीं मांडण्याची आशा येथेंच संपते. परंतु मान वर करून पाहावें. छत साडेनऊ फुटांवर आहे. दारावरून, सात फुटांच्या उंचीवर, दोन फूट खोल माळा नऊ फुटांच्या भिंतीभर काढला, तर ४५ घनफूट जागा मिळते. कपाटाचें सगळें पोट सव्वाएकोणतीस घनफूट. म्हणजे जमिनीचा इंचही न अडवितां दीड कपाट लाभलें! मुंबईच्या बी. डी. डी. चाळींत १६० चौरस फुटांच्या एकेका खोलींत सबंध कुटुंबांचे संसार झाले, ते याच युक्तीवर. वर पोटमाळा, भिंतीस खुंट्या व फळ्या, छताखालीं दांडी; अंथरुणाची वळकटी सकाळीं कोपऱ्यांत गेली कीं निजण्याची जागा बसण्याची होई.

आतां जें सांगावयाचें तें विशेषेंकरून आमच्या वयाच्या मंडळींस. माळा तयार झाला रे झाला कीं त्यावर काय चढतें? गणपतीची आरास, पाळणा, मुंजींतले पाट, तांब्याचें घंगाळ, पाहुण्यांच्या गाद्या, बंद पडलेलें शिवणयंत्र, आणि आमच्यासारख्यांचे तीस वर्षांच्या मासिकांचे गठ्ठे. शेजघर मुलाचें व सुनेचें, सामान मात्र सगळ्या घराचें. सुनेचीं वस्त्रें कपाटाच्या एका कप्प्यांत आणि उरलेलीं पलंगाखालच्या पेटींत. माहेराहून आणलेलीं तिचीं पुस्तकें तर खोक्याबाहेर निघतच नाहींत. शिवाय ज्याला जी वस्तु हवी ती तेव्हांच हवी. सकाळीं सहाला कोणी पाट काढावयास दार वाजवितो, रात्रीं दहाला कोणी गादी न्यावयास येतो. मग त्या खोलीस दार असून उपयोग काय? एखादें जोडपें वेगळें बिऱ्हाड करावयास निघतें तेव्हां तें जागा पुरत नाहीं असें सांगतें, आणि आपण मनांत निराळ्याच कारणाचा संशय धरतों. आमच्या मतें तें कारण पुष्कळदां अगदीं खरें असतें.

म्हणून आमचा आग्रह असा कीं, ज्या खोलींत जो निजतो त्याच्याच वस्तु तेथें असाव्या. सामाईक सामान दिवाणखान्याच्या वा स्वयंपाकघराच्या माळ्यावर जावें, आणि तेथें मावत नसेल तर कमी करावें. ज्या घंगाळांत दहा वर्षांत स्नानाचें पाणी पडलें नाहीं तें मोडींत घालण्यास हरकत कसली? मासिकें एखाद्या वाचनालयास द्यावीं. आरंभ वडिलांनीं आपल्या गठ्ठ्यापासून करावा. सुनेनें मागून घेतलेली जागा आणि सासूनें आपण होऊन रिकामी करून दिलेली जागा, यांत फार अंतर आहे. नागेशभट्टांनीं आपल्या व्याकरणग्रंथास ‘मंजूषा’ म्हणजे पेटी असें नांव दिलें. वैयाकरणाची पेटी असल्यामुळें तींत प्रत्येक विषयाचें स्थान ठरलेलें आहे. आपल्याही पेट्यांवर आंकडे घालावे व कपाटाच्या दारास आंतून यादी चिकटवावी, म्हणजे एका मोज्यासाठीं चार पेट्या उपसाव्या लागत नाहींत.

राहिला पाऊस. माथेरानचा डोंगर उशाशीं असलेल्या या भागांत जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते कीं गच्च भरलेल्या कपाटांत कापडास बुरशी धरते आणि चामडी पट्ट्यावर पांढरी साय चढते. बाहेरच्या भिंतीस, त्यांतही पश्चिमेच्या, कपाट लावूं नये. आंतल्या भिंतीसही चार बोटें सोडून लावावें, आणि कप्पा थोडा रिकामा ठेवावा. ओले कपडे शेजघरांत वाळत घालूं नयेत. आगोटीपूर्वीं, वैशाखांत, सगळें बाहेर काढून उन्ह द्यावें व आश्विनांत पुन्हां द्यावें. घड्यांत वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा.

पलंगाच्या पोटांतली पेटी हल्लीं सर्वांची लाडकी आहे. तींत लोकरीचे कपडे आणि जादा उशा खुशाल ठेवाव्या, पण घराचे कागद व मुलांचीं प्रमाणपत्रें ठेवूं नयेत. २७ जुलै २०१९ रोजीं पुराच्या पाण्यांत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. तें ठिकाण शेलूहून दूर नाहीं. तळमजल्यावर राहणाऱ्यांनीं तरी कागद कपाटाच्या वरच्या कप्प्यांतच ठेवावे. जरीचीं लुगडीं प्लॅस्टिकच्या पिशवींत न घालतां धुतलेल्या जुन्या मऊ धोतरांत गुंडाळावीं, आणि दर तीन-चार महिन्यांनीं त्यांची घडी बदलावी, नाहींतर जर घडीवरच तुटतो.